मधला सुळका

"खोकायचंच होतं, तर जरा लांब जाऊन खोकायचं होतंस!" वस्ताद बायकोच्या कानाशी पुटपुटले.

"सर्दी झालीय मला. सर्दीला काय सांगू, थांब बाई, भट्टी पेटलीय म्हणून?" तीही तशीच पुटपुटली.

"मग निदान सांगायचं तरी, की हा खोकला खरा आहे!"

"सगळ्यांसमोर?"

भट्टीचं दार आत्ताच उघडलं होतं आणि आतले कप रांगेनं उभे होते. चकाकी धरलेली नव्हती. हात लावला तर खडूसारखे खरखरीत. एका हॉटेलाला आजच द्यायचा होता तो माल.

कारखाना कपबशांचा. दारावरची पाटी कारखान्यापेक्षा मोठी. आत एक भट्टी, दोन लांब बाकं आणि जिकडेतिकडे पांढरी माती. इथे काम करणाऱ्याचे केस पिकलेले की माखलेले, हे त्याच्या घरच्यांनाच ठाऊक. भट्टीच्या भिंतीला डोळ्याएवढं भोक होतं आणि त्याच्यामागे आत मातीचे तीन छोटे सुळके उभे केलेले असत. आच वाढली की पहिला सुळका वाकतो, ती सूचना. मधल्यानं मान टाकली की भट्टी बंद. तिसराही वाकला, तर मालकांना ती बातमी द्यायला कोणीतरी धीट माणूस शोधायचा.

हे बघण्याचं काम वस्तादांचं. आयुष्य त्या भोकाशी गेलं, आणि मग डोळ्यांनी असहकार पुकारला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, की कडेकडेचं दिसत राहील, पण नजरेच्या बरोबर मधलं गेलं ते गेलं. त्यामुळे वस्ताद दारं, पायऱ्या, कपांच्या फळ्या चुकवत झोकात चालत; ज्याच्याकडे रोखून बघत, तेवढा माणूस मात्र नाहीसा होई. बोलताना ते समोरच्याच्या खांद्यापलीकडे बघत. नवीन लोकांना वाटे, काय ही घमेंड!

त्यांच्या हाताखाली मदतनीस होती त्यांचीच बायको. सगळे तिला वस्तादीण म्हणत, कपांना कान लावणारी कानवाली तेवढी मावशी म्हणे. सुळके बघायला तिला वस्तादांनीच शिकवलं होतं, डोळे चांगले होते तेव्हा, हौसेनं. पुढे ती हौस उपयोगी पडली. भोकाशी धरायची काळी काच पुसायला म्हणून ती त्यांच्या हातातून घेई, पुसता पुसता भोकातून बघून घेई, आणि काच परत देऊन फळ्या झाडायला जाई. असं दोनचार वेळा. मधला सुळका वाकलेला दिसला, की बाजूला होऊन ती हलकेच खोकायची. मग वस्ताद काच डोळ्याला लावत, उगीच बराच वेळ निरखत आणि हात उंच करून ओरडत, "बंद!"

अख्ख्या कारखान्याला हे माहीत होतं. ती खोकली, की बर्नरवाला वस्तादांच्या आरोळीआधीच बर्नर बंद करायच्या चाकावर हात ठेवून तयार असे. माहीत नव्हतं ते फक्त मालकांना. किंवा त्यांनी माहीत करून घेतलं नव्हतं. आणि आपलं गुपित अजून गुपितच आहे, असं वस्तादांना वाटत होतं. ते तसं वाटू द्यायची सगळ्यांनी मिळून काळजी घेतली होती.

काल तिला खरोखरच खोकला आला. मधला सुळका ताठ उभा होता. वस्ताद ओरडले, "बंद!" तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. "थांबा" म्हणायचं, तर कशावरून तेही सांगावं लागलं असतं.

"आता काय करायचं?" वस्तादांनी विचारलं.

"पुन्हा भाजू. दुसरं काय!"

तेवढ्यात मालक आले. हा माणूस मुळात प्रेमळ. वस्तादीण आजारी पडली होती, तेव्हा स्वतः डबा घेऊन घरी आला होता. मालाची गाडी विकावी लागल्यापासून खोकी स्वतः खांद्यावरून नाक्यापर्यंत नेत होता. त्यांनी एक कप उचलला, अंगठ्यानं चोळला आणि एका पालथ्या खोक्यावर बसले.

"हॉटेलवाला थांबणार नाही म्हणतो. दुसरीकडून घेईल." मग म्हणाले, "उद्या आमची मालकांची सभा आहे. त्या समान कामाच्या कायद्यावर. तुम्हा सगळ्यांच्या वतीनंही मी बोलणार आहे, म्हणून कानावर घालतो."

कायदा सगळ्यांना ठाऊक होता. काम एक, तर हुद्दा एक आणि पगारही एक. करणारी बाई असो की बुवा. तो आला, तेव्हा मालकांनीच सगळ्यांना गोळा करून वाचून दाखवला होता. "उत्तम कायदा! दिवस जरा बरे येऊ देत, आपल्याकडे पहिला लागू." मग दिवस बरे आले. इतके बरे, की मान वर करायला फुरसत नाही. तेव्हा मालक म्हणाले, "आत्ता घाईगर्दीत नको, जरा हात मोकळा होऊ दे." आता हात अगदीच मोकळा झाला होता.

"छोट्या कारखान्यांना मंदीपुरती त्यातून सूट द्या, एवढंच मागायचंय," मालक म्हणाले. "आपण काय, घरचेच."

कानवाली कपांना कान चिकटवत होती. तिची जीभ तिच्या बोटांपेक्षा चपळ. "मालक, मंदी आहे म्हणून मी कपाला अर्धाच कान लावू का?"

मागे कोणीतरी फिस्कन हसलं.

"हसा!" मालक रागावले नाहीत, पण आवाज चिरकला. "अगं, उद्या मी कुलूप लावलं, तर समान पगार कोणाला देऊ? शून्य आणि शून्य समान. ती समानता हवी का तुला?"

कानवालीचे हात थांबले. हे खोटं नव्हतं. मालकांच्या चपलेचा तुटलेला अंगठा तारेनं बांधलेला सगळ्यांना दिसत होता.

"मालक, तुमची अडचण कळते हो," ती हळू आवाजात म्हणाली. "पण बरे दिवस आले होते ना. तेव्हाही कळलीच होती आम्हाला."

मालकांनी कप खाली ठेवला, पुन्हा उचलला. "अजून एक आहे," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "ही ऑर्डर गेली. एक माणूस कमी केल्याशिवाय आता निभणार नाही. कारागीर तर हलवता येत नाही. मदतनीस..."

मदतनीस एकच होती.

बर्नरवाला बर्नरकडे बघायला लागला. कानवाली तोंड उघडून उठली, "मालक, पण मावशी गेल्या, तर भट्टी कोण..."

"तू तुझे कान लाव गं!" वस्तादिणीनं तिला तिथेच तोडलं. मग मालकांकडे वळून इतकी गोड हसली, की त्यांनी मान आणखी खाली घातली. "बरं झालं तुम्हीच बोललात. मीच विचारणार होते. गुडघे बोलतात हल्ली माझे. घरी बसेन, आराम करीन. यांचा डबा तेवढा वेळेवर येईल." आणि पाठीमागे हात नेऊन ती एप्रनची गाठ सोडायला लागली. गाठ मातीनं कडक झाली होती. सुटेना.

वस्ताद भट्टीपाशी उभे होते. ती त्यांच्या बरोबर समोर होती, म्हणून त्यांना दिसत नव्हती. गाठीशी झटापट करणारी तिची नखं मात्र ऐकू येत होती. तिची असली निमित्तं त्यांच्या चांगल्या ओळखीची होती. गुडघ्यांबद्दल ती घरी कधी चकार शब्द बोलली नव्हती. कालच फळीवर चढून जाळी काढली होती.

"अगं, थांब," ते म्हणाले.

"तुम्ही यात पडू नका हो. जा, कप मोकळे करा."

"थांब म्हणतो ना!"

इतक्या मोठ्यानं ते एरवी फक्त 'बंद' म्हणत. सगळे वळले. वस्तादिणीनं मान हलवून 'नको, नको' केलं. ते त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. कळलं मात्र असावं, कारण त्यांनी हात पुढे करून तिचं मनगट अचूक धरलं. मग त्यांनी चेहरा जरासा बाजूला वळवला, मालक नजरेच्या कडेत येईपर्यंत.

"मालक, मला सुळके दिसत नाहीत," ते म्हणाले. "तेजी होती तेव्हाही दिसत नव्हते. भट्टी ही चालवते. कमी करायचाच असेल, तर मदतनीस मी आहे."