दोन घरचा सूक्ष्मदर्शक

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, आणि नवा असा मी कधी नव्हतोच. मला घडवण्याचे काम पूर्ण होईपर्यंतच माझे स्क्रू झिजले, रंगाचे टवके उडाले. पूर्ण झालो तेव्हा लोक म्हणाले, "हा जुना झाला." आता बोला!

माझे जन्मदाते दोन. आरसे, दिवा आणि कल्पना विद्यापीठातल्या ताईंची. भिंगे, सांगाडा आणि शिस्त भिंगांच्या कारखान्यातल्या इंजिनियरची. हा इंजिनियर ताईंचा सख्खा धाकटा भाऊ. तो ताई म्हणे म्हणून प्रयोगशाळेतले सगळेच ताई म्हणू लागले. विद्यापीठ आणि कारखाना यांनी मिळून मला घडवायचे ठरवले, तेव्हा सगळ्यांना वाटले, घरच्या घरात काम, किती सोपे! ज्यांना भावंडे आहेत त्यांना मी जास्त काही सांगायला नको.

ताईंना एकच गोष्ट पाहायची होती, जखम भरते कशी. काचेच्या बशीत जिवंत पेशींचा थर वाढवायचा, त्यावर बारीक ओरखडा काढायचा आणि कडेच्या पेशी सरकत सरकत ती फट कशी बुजवतात ते बघत राहायचे. पण झगझगीत उजेडात फार वेळ ठेवले तर बिचाऱ्या पेशी मरतात. म्हणून माझ्यातून प्रकाशाचा फक्त एक पातळ, मंद पापुद्रा जातो. तेवढ्यात पेशी जगतात आणि दिसतातही. निदान दिसायला हव्या होत्या.

दिसत मात्र नव्हते काही. चित्र क्षणभर स्वच्छ येई आणि घसरे. कारण अगदी साधे होते. दिवा लागला की माझे अंग हळूहळू तापते आणि केसभर फुगते. पुरते तापून झाले की मी दगडासारखा स्थिर. धातू तापला की फुगतो हे त्या दोघांना शाळेपासून ठाऊक होते. पण दोघांच्या आईने लहानपणी एक शिस्त लावली होती: खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवायचा. चहाला निघाले, दिवा बंद. फोन घ्यायला दारापर्यंत गेले, दिवा बंद. अहो, मी तापत होतो ना! परत येऊन दिवा लावायचे आणि समजायचे की हा मघापासून तापलेलाच आहे.

मग सुरू व्हायचे खरे हाल. सकाळी ताई माझ्या आरशाचा स्क्रू पिळायच्या. दुपारी भाऊ यायचा, "आरसा कोणी हलवला?" असे स्वतःशीच पुटपुटायचा आणि भिंगाची कडी फिरवायचा. दुसऱ्या दिवशी ताई त्याची कडी सावरायला पुन्हा आरसा पिळायच्या. दोघेही एकमेकांची चूक मनापासून दुरुस्त करत होते आणि चूक कोणाचीच नव्हती. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तो मीच. मला तोंड असते तर मी एवढेच ओरडलो असतो, "हात काढा!" तोंड नाही, नुसता डोळा आहे. त्या डोळ्याने सगळा तमाशा बघत बसायचे.

शेवटी कारखान्याच्या मोठ्या साहेबांचा निरोप आला. ते स्वतः बघायला येणार. चित्र स्थिर राहिले तर माझ्यासारखे आणखी बनवायचे. नाहीतर भिंगे काढून परत न्यायची, सांगाडा भंगारात आणि ताईंचे काम बंद.

त्या दिवशी ताईंनी पेशींची बशी माझ्यासमोर ठेवली. ओरखडा काढलेला होता. दिवा लावला. चित्र आले आणि घसरले.

"तुझी कडी सैल आहे," ताई म्हणाल्या.

"कडी नाही, तुझा आरसा हलतो. किती वेळा सांगू?"

"लहानपणापासून तुझं हेच! तू मोडायचं आणि नाव माझं."

"मोडलं कोणी? तूच सारखी पिळत बसतेस! घे मग, तूच दाखव साहेबांना. मी चाललो."

"जा ना! मला तरी कुठे बसायचंय इथे?"

एक या दाराने गेला, दुसरी त्या दाराने. आणि मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदाच दिवा कोणी मालवला नाही. दोघांनाही वाटले असणार, तो काय, दुसरा मालवेलच.

मी तापलो. पुरता तापलो. कोणी हात लावला नाही. हायसे वाटले हो!

बऱ्याच वेळाने मोठे साहेब आले. खोलीत चिटपाखरू नाही. वाट बघून कंटाळले, तेव्हा डोळा लावून बसले. चित्र स्पष्ट करायची बाजूची चकती थोडी फिरवली, आणि तिथेच थबकले. माझ्यासमोर पेशी एकेक करून पुढे सरकत होत्या. मध्येच एकीच्या दोन झाल्या. फट अरुंद होत होती.

साहेब आल्याचे कळताच भावंडे धावत आली. दोघांचेही डोळे लाल. ताईंचा हात सवयीने आरशाच्या स्क्रूकडे गेला.

"हात लावू नका," साहेब हळूच म्हणाले. "नुसतं बघा."

ताईंनी पाहिले. मग बाजूला सरकून भावाला जागा दिली. त्याने पाहिले आणि पुन्हा ताईंना जागा दिली. असे कितीतरी वेळ चालले.

"कालपर्यंत तर घसरत होतं म्हणता," साहेबांनी विचारले. "आज काय केलंत?"

"भांडलो," ताई म्हणाल्या.

"आणि दिवा विसरलो," भाऊ म्हणाला. मग त्याने कपाळावर हात मारून घेतला.

आता माझी पांढरीशुभ्र भावंडे कारखान्यातून बाहेर पडतात. प्रत्येकाच्या अंगावर ठळक अक्षरांत लिहिलेले असते, 'मध्येच दिवा मालवू नये.' आणि मी? मी कारखान्याच्या दर्शनी दालनात, काचेच्या कपाटात. वर पाटी, 'हात लावू नये.' जन्मभर ज्यासाठी आतल्या आत ओरडलो ते मिळाले, तेही नको असताना. माझ्या भिंगांवर धूळ बसली आहे. वस्तूला जपायचे म्हणजे कधी हात आवरावा लागतो आणि कधी पुढे करावा लागतो, एवढे साधे माणसांना कळत कसे नाही?

परवा बैठक संपवून ताई आल्या, बरोबर भाऊ होता. ताईंनी कपाट उघडले, माझा दिवा लावला, भिंग पुसले आणि बोलता बोलता माझ्या आरशाचा स्क्रू थोडा पिळला. पूर्वी मी वैतागलो असतो. आता मनात म्हणालो, पिळा, ताई, अजून पिळा.

निघताना भावाने सवयीने माझ्या दिव्याच्या बटणाकडे हात नेला. ताईंनी त्या हातावर चापट मारली.

"राहू दे रे," त्या म्हणाल्या. "त्याला तापायला वेळ लागतो."