लिसिल्लाचा कच्चा पेला

आमच्या कुंभारवाड्यात कोणालाही विचारा, तिमारेतीच्या, म्हणजे माझ्या, फळीवर काय होतं म्हणून. एक कच्चा पेला. भट्टी न पाहिलेला, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला. फडकं रोज मीच भिजवायची. माझा नवरा सोस्ट्राटोस कुरकुरायचा, उगाच जागा अडते म्हणून. मी म्हणायची, जागा तर तुम्हीही अडवता, तुम्हाला काढलं का कधी?

पेला माझ्या लेकीचा, लिसिल्लाचा. पोरीच्या हाती कुंचला देऊ नये असं शेजारीण सांगायची. तिच्या तिन्ही मुलग्यांना मिळून माझ्या लेकीसारखी एक रेघ ओढता येत नव्हती, मग सांगणारच. पुढे जावई आपलं चाक आणि बायको घेऊन समुद्रापलीकडे, थूरिओईला गेला, आणि हा पेला अर्धा राहिला.

चित्र पिकांच्या देवीचं, आई देमीतेरचं. पाताळाच्या राजाने पळवलेली तिची लेक पर्सेफोनी जमिनीतून वर येते आहे आणि आई तिच्याकडे धावते आहे. आमच्याकडे माणसं रंगवत नाहीत. माणसाच्या भोवती काळा लेप भरतात, माणूस मातीच्या रंगाचाच राहतो. लिसिल्लाने काडीने रेघा ओढून ठेवल्या होत्या. चेहरे, केस, वस्त्रांच्या चुण्या, सगळं. फक्त दोघींचे हात राहिले होते.

"परत आले की काढीन," ती म्हणाली होती. "तोवर कोणाला शिवू देऊ नकोस, आई. तिसऱ्या शरदात, देवीच्या सणाला येतेच."

मी शिवू दिलं नाही. लेप भरायचं काम माझ्या सुनेचं, फिलूमेनीचं. तीसुद्धा त्या फळीपासून वळसा घालून जायची.

यंदा तिसरा शरद. वारं फिरलं की पश्चिमेची जहाजं बंद होतात. शेवटचं जहाज लागलं आणि नाखवा देक्सियास दारात आला, एकटाच. लिसिल्लाला मुलगी झाली म्हणाला. जावयाचा जम बसलाय, त्याने घर बांधलंय. आईला सांगा, आता येणं व्हायचं नाही, असा तिचा निरोप.

"आता म्हणजे यंदा ना?" मी विचारलं.

तो उंबऱ्याकडे बघत राहिला. वादळातून जहाज काढणारा गडी, पण एका म्हातारीला नाही म्हणायला त्याची जीभ उचलेना. त्याच्या पदरात अंजीर घातले आणि त्याला वाटेला लावलं. पर्सेफोनीने पाताळात डाळिंबाचे चार दाणे खाल्ले, म्हणून तिला पुन्हा तिथेच जावं लागतं. तरी ती वर्षातून एकदा आईकडे येते. माझ्या पोरीने अख्खं डाळिंबच खाल्लं होतं.

घरात म्हटलं, बाळ जरा मोठं झालं की येईल. आणि फडकं भिजवून पेल्यावर घातलं.

सणाचा मधला दिवस उपासाचा. त्या दिवशी आम्ही बायका टेकडीवर निर्गुडीच्या फांद्या पसरून भुईवर बसतो, कारण लेक हरवली तेव्हा देवीही अशीच बसली होती. अन्न नाही, पाणी नाही. मग इयांबी नावाच्या दासीने तिची अशी टर उडवली की देवीला हसू फुटलं, आणि हसल्यावर ती सातूचं पाणी प्यायली. म्हणून त्या दिवशी आम्हीही एकमेकींची टर उडवतो. दासी मालकिणीची, सून सासूची. कोणी मनात ठेवायचं नाही. हसल्याशिवाय मात्र पाण्याला तोंड लावायचं नाही.

दर वर्षी सुरुवात माझी. माझ्या तोंडाला भिणाऱ्या बायकाही त्या दिवशी मुद्दाम माझ्याजवळ जागा धरतात.

यंदाही धरली. मी तोंड उघडलं, पण समोर एक बाई मांडीवर डोकं ठेवलेल्या लेकीच्या केसांतून बोटं फिरवत होती. माझ्या तोंडून दोन शब्द निघाले, तेही शिरक्यासारखे आंबट. कोणी हसलं नाही. पुजारणीने सातूच्या पाण्याचा वाडगा पुढे केला, मी तो बाजूला सारला. ऊन उतरत चाललं.

तेव्हा फिलूमेनी उठली. लग्न होऊन आल्यापासून या पोरीने माझ्यापुढे मान वर केली नव्हती.

"बायांनो, आमच्या सासूबाईंना देवी समजू नका," ती म्हणाली. "लेक नेली तर देवीने जगाचं पीक अडवलं. यांनी काय अडवलं? एक पेला."

मागे कोणीतरी खुदकलं.

"आणि पाताळाच्या राजाने यांना नेलं असतं ना, तर संध्याकाळच्या आत स्वतः खांद्यावर घालून परत आणलं असतं. वर दहा वेळा विचारलं असतं, बाई, डाळिंबाचा दाणा चुकूनसुद्धा खाल्ला नाहीत ना?"

मी ओठ दाबून धरले. पण हसू पोटातून आलं, सगळ्या टेकडीवर पसरलं, आणि त्याचं रडणं कधी झालं ते मला कळलं नाही. फिलूमेनी वाडगा घेऊन माझ्याजवळ वाकली.

"नाखवा विहिरीवर खरं काय ते बोलला होता, सासूबाई," ती हळूच म्हणाली. "प्या आता."

मी प्यायले.

सण झाल्यावर पेला काढला. ओलीने काठ मऊ पडत चालला होता, आणखी एक हिवाळा तो टिकला नसता. सुनेसमोर ठेवला आणि म्हटलं, भर. तिने दोघींच्या पाठीकडून काळं भरत आणलं. हातांशी येऊन थांबली.

"हातात हात देऊ, की मध्ये अंतर ठेवू?"

लिसिल्लाने हात मिळवले असते. तिला चित्रात ताटातूट सोसायची नाही.

"अंतर ठेव," मी म्हटलं. "पण बोटं ताणलेली काढ. दोघींची."

तिने काढली. बोटांच्या मधली जागा दाण्याएवढी, तीही काळी भरली. पेला भट्टीतून नीट निघाला, कुठे तडा नाही. वसंतात वारं पुन्हा फिरलं की देक्सियास पहिल्या जहाजाने तो घेऊन जाईल. लिसिल्लाची पोर त्यातून पाणी पिईल.

ती दिसते कोणासारखी, हे मी त्याला विचारलंच नव्हतं.