चार म्हयनं अन्न न्हाई

"नालोंगो, हे रताळ्याचं येल कुनासाठी लावतीयास? मानसासाठी का डुकरासाठी?"

कालिबाला बांधावर काठी टेकून हुबा व्हता. नालोंगो खाली वाकून मातीच्या ढिगात येलाचं तुकडं खुपसत व्हती. तिनं मान वर केली न्हाई.

"डुकरासाठीच," ती म्हनली. "एक तर आत्ताच बांधावर यून हुबं ऱ्हायलंय."

मी पान्याचा डबा डोक्यावर घिऊन त्या दोघांच्या मधनं चालले व्हते. मला हसू आवरंना. डबा हिंदकाळला आनि निम्मं पानी माझ्या गळ्यावरनं खाली गेलं. कालिबालानं माझ्याकडं असं बगितलं, जसं काय त्याच्या केळीचा घड मीच चोरलाय.

जुळी झाली म्हनून नालोंगो. आमच्यात जुळ्यांच्या आईला त्येच म्हनत्यात, आनि मग तिचं खरं नाव तिचं तीच इसरती. नवरा जाऊन दहा वर्सं झाली, पदरात दोन नाती, आनि घरामागं केळीची बाग व्हती. व्हती म्हनते, कारन त्या साली आमच्या ल्वान्टामा गावात केळीवर मर आली. पान पिवळं पडून लोंबायचं, घड अर्धाकच्चा पिकायचा, खोड कापलं की आतनं पिवळा पू. पाच घरांच्या बागा गेल्या. नालोंगोनं आपल्या हातानं एकेक खोड तोडून खड्ड्यात पुरलं. त्या दिवशी ती रडली, तशी नवऱ्याच्या मयताला पन रडली नव्हती.

कालिबालाची बाग टेकडीच्या पार वर. तिला काय झालं न्हाई. आनि तो गावभर सांगत सुटला, की नालोंगोच्या कोयत्यानंच मर पसरली. उचलली जीभ लावली टाळ्याला! तवापासनं दोघांचं बोलनं बंद. बोलनं बंद म्हंजे सादं बोलनं. भांडान रोज व्हायचंच.

आता तुमाला ठावंच हाये, आमच्याकडं मटोके म्हंजेच अन्न. हिरवी केळी सोलायची, केळीच्याच पानात गुंडाळून सकाळपासनं वाफवायची, पानासकट हातानं दाबून मऊ करायची आनि वाफ निघत असतानाच वाढायची. मानूस भात खाऊन उठला आनि त्याला इचारलं, जेवलास का, तर तो म्हनतो, "न्हाई, भात खाल्ला." रताळी, कसाव्याचं कंद, मक्याचं पीठ ह्ये सगळं पोटभरू. पोट भरतं, पन जेवन झालं असं कुनी म्हनत न्हाई.

कालिबाला तर अन्नाचा वकीलच. कुठं मयत असू दे, लगीन असू दे, ह्याचं सुरू. "केळ्यात काय न्हाई ते सांग! मी सत्तर वर्साचा. दात सगळं शाबूत, छातीत धडधड न्हाई, पोट घड्याळागत साफ. राजाचं सैन्य ह्याच्यावर लडलं. आजाऱ्याला केळं, बाळंतिनीला केळं, बोळक्या तोंडाला केळं. कालवन म्हंजे काय? अन्न घशाखाली जाया थोडं वलं करायचं. तेवडंच त्याचं काम." आनि त्याच्या घरात कालवन तेवडंच असायचं. घेवडा आनि शेंगदानं बाजारात जायचं. अंडी तो एकटा खायचा, कारन बायकांनी कोंबडी-अंडं खाऊ नये ही जुनी रीत. साऱ्या गावानं ती मोडली, ह्यानं तेवडी जपून ठिवली.

त्या घरात न्डागिरे व्हती. ल्योकाची ल्येक, दोन वर्साची. ल्योक कंपालाला टॅक्सी चालवायचा. सून नाम्पीमा परत पोटुशी ऱ्हायली, तशी पोरगी अंगावरनं तोडली, आनि तवापासनं तिला तिन्ही त्रिकाळ नुसतं मटोके. पोरगी चिडचिडी झाली, मग चिडायचीबी थांबली. काळंभोर केस तांबूस झालं. पावलं सुजली. मी एकदा बोट दाबून बगितलं तर खड्डा पडला, तो भरंचना. आनि कालिबाला आल्यागेल्याला दाखवायचा, "बग कशी गुटगुटीत! पाय बग कसं भरल्यात! ह्येला म्हनत्यात अन्न." मला वाटायचं म्हाताऱ्याच्या टाळक्यात त्याचीच काठी घालावी.

मी गावाची आरोग्याची सेविका. सरकारनं मला एक बनियन, एक पिशवी आनि शिट्टी दिली व्हती. शिट्टी कशाला ते मला अजून कळलं न्हाई. मी पोरीला दवाखान्यात न्यायचं काडलं, तर कालिबाला अंगावरच आला. "ज्या घरात तीन वेळा अन्न शिजतं त्या घरातलं पोर उपाशी म्हनून दाखवू? बारा मैलांत माजं नाक कापायला निगालीस, नाम्बूसी?" नाम्पीमा मागं गुडघ्यावर बसलेली. सासऱ्यापुढं सून बोलत न्हाई. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

मग एक दिस ओयेत नावाचा साहेब आला. कोन घरी काय खातं ह्येची यादी कराया. वरच्या मुलखातला, बाजरी-नाचनीवर वाढलेला. आमची भाषा पुस्तकातनं शिकलेला, त्यामुळं बोलायचा कसा, तर शाळेच्या फळ्यावर लिवल्यागत. घरं दाखवाया मी बरूबर.

पयलं घर नालोंगोचं. चुलीवर घेवडा रटरटत व्हता. नाती शेंगदानं सोलून निम्मं तोंडात टाकत व्हत्या. साहेबानं वही उघडली.

"आजी, गेल्या आठवड्यात आपण किती वेळा अन्न खाल्लं?"

नालोंगोची मान खाली गेली. बाग गेल्यावर कुनी ह्येच इचारावं आनि तेबी परक्यानं. "कशाला इचारता साहेब? चार म्हयनं झालं, ह्या घरानं अन्नाचं तोंड बगितलं न्हाई."

साहेबाचा पेन थांबला. "चार महिने? एकदाही नाही?"

"एकदाबी न्हाई."

"मग जगता कशा?"

"जगतो कशाबशा. कायबाय ढकलतो पोटात."

मी सांगाया तोंड उगडलं. अवो साहेब, तसं न्हाई ते, चुलीवर बगा की! पन नालोंगोनं माझ्याकडं असं डोळं वटारलं, की तिच्या लाजंवर मीठ चोळायची माझी छाती झाली न्हाई. साहेबाचं डोळं पानावलं व्हतं. त्यानं लांबलचक कायतरी लिवलं.

मग कालिबालाकडं. तिथं तो दारातच बसलेला, इस्त्रीचा झगा घालून.

"अन्न? दिवसातनं तीनदा! लिव. मोठ्या अक्षरात लिव. आजपतुर एक दिस खाडा न्हाई."

"तीन वेळा," साहेब खूश झाला. "छान. मग पुढची दोन पानं लागत नाहीत. ती मुलांच्या मापांची आहेत, फक्त उपाशी घरांसाठी."

आत चटईवर न्डागिरे पडली व्हती, तोंडावरची माशी हाकलायचं तिला भान नव्हतं. "साहेब, पोरीचा दंड तेवडा मोजा की," मी म्हनलं.

"मोजमाप मड्याचं घेत्यात!" कालिबाला वरडला. "माझ्या घरात कुनी मेलंय का?"

साहेब बिचारा वही मिटून उठला. वाटेत मी त्याला न्डागिरेचं समदं सांगितलं. तो थांबला, टेकडीकडं बगितलं.

"बाई, केळं वाईट नाही. ताकद देतं, पोटाला सोसतं, हृदयाला चांगलं. म्हातारा खोटं बोलत नाही. पण लेकराचं अंग नुसत्या केळ्यानं बांधलं जात नाही. घेवडा, शेंगदाणा, अंडं, मासळी, काहीतरी हवं. तिला दवाखान्यात आणा. आजोबांच्या परवानगीशिवाय मला हात लावता येत नाही."

परवानगी! सुंभ जळंल पन पीळ जायचा न्हाई, त्याची परवानगी कुठनं आनू?

पंधरा दिसांनी गाडी आली आनि नालोंगोच्या दारात हुबी ऱ्हायली. पिठाचं पोतं, आनि शेंगदान्याच्या गोड लगद्याच्या पुड्यांचं खोकं. "उपाशी घर क्रमांक एक," असं ड्रायवरनं मोठ्यानं वाचलं. समदं गाव गोळा झालं. नालोंगोच्या गोबऱ्या गालाच्या नाती दारात हुब्या, आनि लोक पोट धरून हसत्यात. कालिबाला तर बांधावर बसून हसला, डोळं पुसून परत हसला.

"मला भिकारीन लिवलं?" नालोंगो खवळली. "न्या ते परत! न्हाईतर नाल्यात फेकते!"

गाडी निगून गेली. ती खरंच खोकं उचलाया लागली, तवर मागच्या दारानं नाम्पीमा आली. पोट पुढं आलेलं, काखंत पोरगी. ती गुडघ्यावर बसली, आजीला म्हनत्यात तसं जाजा म्हनली.

"जाजा, त्यातली एक पुडी द्या. माझी पोर जाईल, जाजा."

हीच ती सून, जिच्या सासऱ्यानं नालोंगोला गावभर बदनाम केलं. मी बगतीया, तिचा जबडा कसा हलतोय. मग तिनं पोरीला घेतलं, तिच्या पावलावर अंगठा दाबला, आनि खड्ड्याकडं बगत ऱ्हायली.

"एकानं काय व्हतंय?" ती म्हनली. "रोज घिऊन जा. पन म्हातारा?"

"त्यो रोज पुढ्यात बसून बगतो, काय खाती ते."

"मग अन्नातच कालव की, येडे! मटोके दाबताना आत घाल. वरनं पिवळंच दिसतंय."

तसं सुरू झालं. कालिबाला पुढ्यात बसून मान डोलवायचा, "खा, माझी राजकन्या, अन्न खा," आनि पोरगी हळूहळू खायला लागली. तीन हप्त्यांनी पुड्या संपल्या. मग नालोंगोनं सोताचं शेंगदानं भाजून कुटलं, घेवडा शिजवून वाटला, सुकी मासळी दळली. पानाच्या पुड्या बांधून ती मागच्या दारात ठिवायची आनि वर म्हनायची, "त्या म्हाताऱ्यासाठी न्हाई हां. त्यो मेला तर मी नाचीन."

पयल्यांदा काय झालं, पोरीची सूज उतरली. उतरली तशी ती वाळल्यागत दिसाया लागली, आनि कालिबाला घाबरला. "पोर खंगली! अन्न वाढवा!" नाम्पीमानं अन्न वाढवलं, तशी पुडीबी वाढवली. मी रातीला देवाला म्हनायची, आता हिला काय झालं तर सारं आमच्या तिघींवर यील. पन दुसऱ्या म्हयन्यात केसांच्या मुळाशी काळं दिसाया लागलं. एक दिस तिनं आज्याची काठी वढली आनि तिला ती दिली न्हाई म्हनून गाव डोक्यावर घेतलं. नाम्पीमा माझ्या दारात यून रडली. म्हनली, "चिडली वो! माझी पोर चिडली!"

आता कालिबालाच्या तोंडाला कोन झाकन लावनार? "बगा! वाळली व्हती, नुसत्या अन्नानं हुबी केली!" ह्या टेकडीवरनं त्या टेकडीवर बातमी गेली. आनि एका सकाळी दलदलीच्या पल्याडची एक बाई आली, चार तास चालून. पाठीवर पोर. केस तांबूस, पावलं सुजलेली, माशी हाकलायचं भान न्हाई.

"स्सेबो, मालक, तुमच्या केळीचा एक घड द्या. आमच्याकडच्या केळ्याला गुन न्हाई."

कालिबालाची छाती फुगली. त्यानं जातीनं बागेत जाऊन मोठ्यातला मोठा घड तोडला. "नुसतं ह्येच द्यायचं. दुसरं काय बी न्हाई. कालवनाचा वास पन नको."

बाई घड डोक्यावर घ्याया वाकली. मी नाम्पीमाकडं बगितलं. तिचा चेहरा राखंसारखा झाला व्हता. बोलावं तर सासऱ्यानं घराभाईर काडलं तर कुठं जायचं, आठवा म्हयना. न बोलावं तर ते पाठीवरचं पोर.

ती पुढं आली, सासऱ्यापुढं गुडघ्यावर बसली, आनि आयुष्यात पयल्यांदा त्याच्या तोंडाकडं बगून बोलली.

"नुसतं अन्न नव्हतं, बाबा. मी रोज त्यात शेंगदानं, घेवडा, मासळी कालवत व्हते. नालोंगो जाजा द्यायच्या. नुसत्या अन्नानं आपली पोर मरत व्हती."

कालिबालाच्या हातातला कोयता तसाच. मला वाटलं, झालं, आता हिचा संसार गेला. म्हातारा सुनंकडं बगतोय, मग न्डागिरेकडं, ती धुळीत पळत व्हती.

मग तो त्या बाईकडं वळला.

"ऐकलंस का? मी येवडा येळ काय सांगतोय? घड माझा, पन तो करायचा कसा ते माझी सून सांगती. मी बापई मानूस, ते माझ्या तोंडनं सांगत नसत्यात. बस हितं, शिकून घे. आनि नाम्पीमा, उठ. पोटुशीनं येवडा येळ गुडघ्यावर बसू ने."

दुसऱ्या दिवसापासनं ल्वान्टामात नवीन गोष्ट. कालिबालानं शोध लावला, की अन्नात शेंगदानं आनि घेवडा कालवला म्हंजे लेकरू काठीगत सरळ हुबं ऱ्हातं. त्याच्या आज्यानंच त्याला सांगितलं व्हतं म्हनं, मधी तो इसरला व्हता! बाया त्याच्या दारात बसून शिकत्यात, आनि तो खुर्चीवरनं सांगतो, मूठभर घाल, न्हाई, दोन मुठी.

माझं डोकंच तापलं. मी तडक नालोंगोकडं गेले. "अगं, तुझं समदं त्यानं आपल्या नावावर केलं! एवडं पोर जगवलं तू, नाव त्याचं. तुला राग कसा येत न्हाई?"

नालोंगो शेंगदानं सोलत बसली व्हती.

"येतो की. लई येतो," ती म्हनली. "पन मी सांगितलं असतं तर लोक काय म्हनलं असतं? जिची बाग मेली तिचं पोटभरू. अर्ध्या गावानं पोराच्या तोंडाला लावलं नसतं. त्यो म्हनतोय म्हनून समदी चारत्यात. चार पोरं मोठी हू दे, मग त्याला बगते मी."

तिनं सोललेलं सुपात टाकलं आनि दुसरी मूठ घेतली. टेकडीवरनं कालिबालाचा आवाज येत व्हता.