जीव घाबरते

“चार मोजेपर्यंत श्वास आत घ्या. आता सहापर्यंत हळूहळू बाहेर सोडा. घाई करू नका,” दीक्षा म्हणाली.

उपकेंद्राच्या ओसरीत सतरंजीवर नऊ बाया डोळे मिटून बसल्या होत्या. कडेला बसलेल्या इंदूबाईंनी डोळे उघडले आणि तळहात छातीवर ठेवला.

“मॅडम, हे केलं का रातच्याले झोप लागते. पण फुलाची टोपली उचलली का इथं दाटते.”

“अन् फुलं तोडताना?”

“तोडतानी काई नाई. मस्त वाटते. टोपली डोक्यावर घेऊन बांधापर्यंत गेली का दाटते. बसली का उतरते.”

दीक्षाने बाकीच्या बायांकडे पाहिलं. “ऐकलं ना? फुलांत हात असला का इंदूबाईंचं मन शांत राहते. आपल्यालेबी असं काहीतरी पायजे. रोज अर्धा तास. झाडाले पाणी घाला, फिरून या, शेजारणीशी बोला. सांजच्या चहाले मात्र सुट्टी द्या.”

बाया हसल्या. चारचौघींत आपलं उदाहरण दिलं गेलं म्हणून इंदूबाईंनी पदर सारखा केला आणि पुन्हा डोळे मिटले.

दीक्षा एकतीस वर्षांची होती. मूळची अकोल्याची. मोर्शीपासून नऊ किलोमीटरवरच्या या गावात आरोग्य अधिकारी म्हणून येऊन तिला दोन वर्षं झाली होती. मंगळवारचा हा वर्ग तिने स्वतःहून सुरू केला होता. गावातल्या बाया सर्दी, कंबरदुखी सांगून झाली की उठता उठता एक वाक्य टाकायच्या, “अन् मॅडम, जीव घाबरते.” कुणाचा नवरा प्यायचा, कुणाची सून बोलत नव्हती, कुणाला कारण सांगता यायचं नाही. त्यावर द्यायला गोळी नव्हती आणि असती तरी दीक्षाला ती द्यायची नव्हती. ती शाळेत असताना परीक्षेच्या आधी तिच्या हाताला कापरं भरायचं, तेव्हा आई पंचफुला तिला विहारात नेऊन शेजारी बसवायची आणि श्वासाकडे लक्ष ठेवायला सांगायची. तेच दीक्षाने इथे शिकवलं. गुण येत होता. चतुराबाई दुकानातून आणून झोपेच्या गोळ्या घ्यायच्या, त्या बंद झाल्या होत्या.

इंदूबाईंना काळजीचं कारणही होतं. त्यांची मुलगी आचल चांदूर रेल्वेच्या सासरहून भांडून आली होती आणि आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून माहेरीच होती. वर्ग संपल्यावर दीक्षाने इंदूबाईंचा रक्तदाब घेतला, तो थोडा वाढलेला होता. रजिस्टरमध्ये तिने लिहिलं, ‘ताण. श्वसनाचा व्यायाम व चालणे सांगितले. पुढील मंगळवारी तपासणी.’

पुढच्या मंगळवारी इंदूबाई आल्या नाहीत. दसरा तोंडावर होता, झेंडूची तोडणी चालू होती. बुधवारी सकाळी टोपली घेऊन त्या बांधावर चढल्या आणि टोपलीसकट खाली बसल्या. नवरा शालिकराम दुसऱ्या वाफ्यात होते. ते धावत येईपर्यंत त्या आडव्या झाल्या होत्या. कुणाच्या तरी गाडीत घालून मोर्शीला नेलं. वाटेतच सगळं संपलं. डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका सांगितला.

दीक्षाला हे उपकेंद्राच्या नर्सने, नीलमने सांगितलं. ऐकताना दीक्षाला आधी आठवला तो इंदूबाईंचा छातीवरचा हात. मग ते वाक्य. उचललं की दाटते, बसलं की उतरते. शिकताना हे तिने पाठ केलं होतं. परीक्षेत कुणी विचारलं असतं तर तिने अर्ध्या मिनिटात उत्तर दिलं असतं. हृदयाला रक्त कमी पडत असल्याची खूण. लगेच ईसीजी काढावा. समोर बाई सांगत होती, आणि तिने त्यातली फक्त फुलं ऐकली होती.

दुपारी नीलमने रजिस्टर तिच्यापुढे ठेवलं. “ताई, एक ओळ टाकून द्या. मोर्शीले जायाले सांगतलं होतं म्हणून. जागा हाये खाली.”

“सांगितलं नव्हतं.”

“कोन पायते, ताई? कोनी इचारलं तर उद्या तुमच्या नोकरीवर येईन.”

दीक्षाने ती नोंद दोनदा वाचली. खाली खरंच जागा होती. तिने रजिस्टर मिटून कपाटात ठेवलं. पुढे कुणी विचारलंही नाही.

तेरवी झाल्यावर ती शालिकरामांकडे गेली. ते अंगणात बाजेवर बसले होते. आचलने पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि दारात उभी राहिली.

“काका, इंदूबाईंनी मले दुखणं सांगितलं होतं,” दीक्षा म्हणाली. “टोपली उचलली का दाटते म्हणून. त्याच दिवशी त्यांना मोर्शीले पाठवायला पाहिजे होतं. माझ्या लक्षात आलं नाही. मी ताण म्हटलं.”



“ते घरीबी करे,” शालिकराम म्हणाले. “तुमी शिकवलं ते. सकायी याच बाजेवर बसे, बोटं मोजे. म्या हासो तिले.”

दीक्षाची नजर त्या बाजेवर गेली.

“म्या म्हनलं होतं तिले, मोर्शीले दाखवून येऊ. म्हने, मॅडमनं पायलं ना. माह्यं नाई आयके ते. तुमचं आयके. तुमी म्हनलं असतं, तर गेली असती.”

हे त्यांनी आवाज न चढवता सांगितलं. मग ते उठून घरात गेले. आचल म्हणाली, “पाणी घ्या, मॅडम.” दीक्षाने तांब्या उचलला. दोन घोट घेऊन ती उठली.

त्यानंतर मंगळवारचा वर्ग बंद पडला. बाया विचारायच्या, दीक्षा काहीतरी कारण सांगायची. आता तिचाच जीव घाबरत होता. पेशंटचं नाव पुकारताना छातीत धडधडायचं. श्वास मोजायला बसली की चारच्या पुढे जाता येईना, बाजेवर बसलेली बाई दिसायची. ती चार दिवसांची रजा घेऊन अकोल्याला गेली. पंचफुलाबाईंनी लेकीचं सगळं ऐकून घेतलं. भाकरी थापता थापता त्या एवढंच म्हणाल्या, “इतक्या लवकर बरं वाटाले नाई पायजे, बाई. जाऊन कामाले लाग.”

दीक्षाला ते लागलं. तरी इतके दिवस ‘तुमची काय चूक’ म्हणणाऱ्यांपेक्षा आईचं बोलणं तिला सोसवलं.

परत आल्यावर जीव घाबरते म्हणणाऱ्या प्रत्येकीला ती खोदून विचारू लागली. बसल्या जागी होते की काम करताना? जिना चढला की काय होते? हात दुखतो का, जबडा दुखतो का? थोडी शंका आली की स्वतः बरोबर जाऊन मोर्शीला ईसीजी काढून आणायची. दोन महिन्यांत सहा बायांना तिने नेलं. पार्वताबाईंच्या ईसीजीच्या पट्टीत दोष निघाला, त्यांना गोळ्या सुरू झाल्या. दीक्षाला बरं वाटलं, पण शालिकरामांच्या घरावरून जायची वेळ आली की ती गाडी पुढच्या गल्लीने काढायची. त्या अंगणासमोरून जायची हिंमत होत नव्हती.

डिसेंबरात एका सकाळी ओसरीतल्या रांगेत शेवटी शालिकराम बसलेले दिसले. नंबर आला तसे ते आत आले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि काही न बोलता सदऱ्याची बाही वर सरकवली.

“काय होते, काका?”

“जीव घाबरते.” शब्द बाहेर पडल्यावर त्यांनाच अवघडल्यासारखं झालं. “रोज नाई. वाफ्यात गेलो का.”

तिने सगळं विचारलं. रक्तदाब घेतला. मग टेबलावरची पर्स उचलली आणि नीलमला म्हणाली, “तू सांभाळ. आम्ही मोर्शीले जाऊन येतो.”

एसटीत दोघं पुढेमागे बसले. शालिकराम खिडकीशी, ती मागच्या बाकावर. मोर्शीच्या दवाखान्यात पट्टी काढली, रक्त तपासायला दिलं, रिपोर्टला तीन तास बसावं लागलं. बाकावर दोघांच्या मध्ये त्यांची टोपी होती. अखेर डॉक्टरांनी सगळे कागद पाहिले. “हृदयाला काही नाही. ताण आहे,” ते म्हणाले. तो शब्द ऐकून दीक्षाने पट्टी मागून घेतली आणि स्वतः पुन्हा पाहिली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. पट्टी चांगली होती.

परतीच्या एसटीत शालिकराम तिच्या शेजारी बसले.

“मंग आता काय करू?” त्यांनी विचारलं.

दोन वर्षं ती हे सगळ्यांना घडाघडा सांगत आली होती. आता ती एकेक शब्द तोलून बोलली.

“रोज थोडं चालायचं,” ती म्हणाली. “एकट्यानं नाही. कुणासंगं तरी.”

“कोनासंगं चालू?”

गावाच्या आधी फाटा येतो. तिथून गाव दोन किलोमीटर. दीक्षाने उठून बेल वाजवली. शालिकरामांनी तिच्याकडे पाहिलं, मग तेही उठले.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी संत्र्याच्या बागा होत्या. ऊन उतरलं होतं. दोघं गावाकडे चालू लागले.  शालिकरामच आधी बोलले. लग्न झालं तेव्हा इंदूबाईंना सायकलवर बसायची भीती वाटायची. बाजाराच्या दिवशी याच रस्त्याने त्या मोर्शीपर्यंत पायी जायच्या आणि शालिकराम सायकल हातात धरून त्यांच्याबरोबर चालायचे.

“लोक हासत,” ते म्हणाले. “सायकल असून पायी चालून राहिला म्हणत.”

“मग?”

“मंग काय. चालो.”

मागून एक मोटारसायकल आली. गावातलाच माणूस होता. त्याने गाडी हळू केली. “बसता का, काका? घरी सोडून देतो.”

“नाई,” शालिकराम म्हणाले. “तू जाय. आमी चालून राहिलो.”