बोटीच्या घड्याळाने पाच

तुइरेला स्टॉकहोमच्या बंदराच्या गेटपाशी येऊन पंचवीस मिनिटं झाली होती आणि लेकीचा, पिहलाचा पत्ता नव्हता. फोन लावावा तर बंद. सतरा वेळा लावून झाला.

शुक्रवारी संध्याकाळी हेलसिंकीला बोटीत बसायचं, शनिवारी स्टॉकहोम पायी पालथं घालायचं, त्याच बोटीने परत. मायलेकींचा दर एप्रिलचा हा नेम. पण यंदा पोरगी सोळाची झालेली. दुपारी टेकडीवरच्या लाकडी घरांपाशी हेरिंग मासा घातलेला पाव खाता खाता ती म्हणाली, "आई, आता मी जरा एकटी फिरू?"

"एकटी? कुठे?"

"अशीच गं. मला काय कुणी पळवून नेतंय?"

तुइरेने हातातला पाव खाली ठेवला. पळवून नेणारा याच शहरात तर राहत होता! राउनो, पिहलाचा बाप. तीन वर्षांपूर्वी घटस्फोट घेऊन इकडे आलेला. फेब्रुवारीत त्याने लेकीला पत्र धाडलं होतं, 'तुझ्यासाठी खोली तयार आहे, शाळाही चांगली आहे, विचार कर.' ते पत्र तुइरेने पोरीच्या खणात चोरून वाचलं, जसंच्या तसं परत ठेवलं आणि तेव्हापासून तिची झोप उडाली. विचारायची मात्र छाती झाली नाही. विचारलं आणि पोरगी 'हो, जाते' म्हणाली तर?

"जा. पण पाच वाजता गेटपाशी," एवढंच ती बोलली होती.

आता तिने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. पाच वाजून पाच. मग भिंतीवरचं पाहिलं. चार वाजून पाच. आणि तिच्या लक्षात आलं.

स्वीडनचं घड्याळ फिनलंडच्या एक तास मागे. बोट चालते ती फिनलंडच्या वेळेवर. एका दिवसासाठी घड्याळाचे काटे कोण फिरवत बसतंय? तुइरेच्या सात पिढ्यांत कुणी फिरवले नव्हते. 'पाच' म्हणताना तिच्या मनात बोटीचे पाच होते. पण हल्लीच्या पोरी मनगटी घड्याळ वापरतात कुठे? त्यांचा फोन किनाऱ्याला लागताच आपोआप स्वीडनची वेळ दाखवतो. म्हणजे पिहलाचे पाच वाजणार एक तासाने, आणि बोट सुटणार अर्ध्या तासाने!

"अगं बये, काय करून बसलीस!" ती स्वतःशीच मोठ्याने म्हणाली. शेजारून बॅग ओढत चाललेल्या आजोबांनी दचकून वळून पाहिलं.

राउनोला एक फोन केला असता तर सगळा उलगडा झाला असता. नंबर पाठ होता. बोट दोनदा बटणावर गेलं, दोनदा मागे आलं. तीन वर्षांत त्याच्याशी एक शब्द बोललेली नाही, आणि आता 'माझी पोरगी परत दे' म्हणून भीक मागू? मेले तरी नाही.

ती गेटवरच्या माणसाकडे गेली. "माझी मुलगी आत गेली का हो? लाल टोपी, एवढी उंच."

"बाई, हजार माणसं गेली आत. कोण राहिलं ते गेट लावताना कळेल."

मग ती गेटबाहेरच उभी राहिली. आत कशी जाणार? पोरगी धावत येईल आणि आई दिसणार नाही. एकेक लाल रंग दिसला की जीवात जीव यायचा आणि ती दुसऱ्याच कुणाची पिशवी निघायची.

सव्वापाचला त्या माणसाने यादी काढली. "केबिन ६२१४. दोघांपैकी एकजण आलेला नाही. नाव आहे..."

६२१४! त्यांचीच केबिन. पुढचं ऐकायला ती थांबली कुठे? "माझी मुलगी आहे ती!" असं ओरडत ती रस्त्याकडे पळत सुटली. मागून तो माणूस हाका मारत होता, "अहो बाई! अहो, ऐका तरी!"

बसथांबा पाहिला, पूल पाहिला, कोपऱ्यावरचं कॉफीचं दुकान पाहिलं. पिहला कुठेच नाही. गेली ती. बापाकडे गेली. तुइरे कठड्याला धरून रडायलाच लागली, भर रस्त्यात, लोक बघत असताना. तेवढ्यात बोटीचा भोंगा वाजला आणि पाठोपाठ तिचा फोन.

"आई, कुठे आहेस तू? सगळी बोट शोधली मी!"

"तू... बोटीवर?"

"मग कुठे असणार? फोन मेला होता, म्हणून लवकर आले, बोटीच्या घड्याळाने साडेचारलाच. तू दिसली नाहीस, म्हटलं वर गेली असशील. चार्जिंगला लावला आणि डोळा लागला माझा. आई, बोट हलली गं!"

पांढरी बोट खरंच धक्क्यापासून सुटत होती. दोघांपैकी एकजण! त्या माणसाच्या यादीतली ती एकजण कोण, हे तुइरेला आत्ता कळलं.

"तू बाबाकडे गेली होतीस?" तिने विचारलंच.

"हो. खोली दाखवली त्याने. छान आहे. पण मी नाही म्हटलं. आई घाबरते एकटी, म्हटलं."

तुइरेला हसू आलं का रडू, तिचं तिलाच कळेना. "केबिनला आतून कडी लाव," ती म्हणाली. "जेवून घे. उद्या सकाळी मावशी येईल उतरवून घ्यायला."

बोट बेटांआड दिसेनाशी झाली. कपडे, औषधं, सगळं तिच्याबरोबर गेलं. तुइरेने तो पाठ असलेला नंबर लावला. राउनोने पहिल्याच घंटेला उचलला, जसा काही फोन हातात घेऊनच बसला होता.

"तुइरे? पिहला पोचली ना गं बोटीवर?" त्याने एका दमात विचारलं.

"पोचली," तुइरे म्हणाली. "मागे राहिले ती मी."