गरम ठोकळा

फुग्याच्या घराची एक भिंत शेजारच्या पत्र्याच्या कारखान्याला लागून होती आणि तिच्यापलीकडे पत्रा ठोकणारं मशीन रात्रंदिवस चालायचं. फुग्याच्या कानांना त्याची सवय झाली होती. बायकोलाही होती, पण ती पायऱ्यांवरून पडली, डोक्याला मार लागला आणि तेव्हापासून प्रत्येक ठोका तिच्या डोक्यात बसू लागला. खाल्लेलं पोटात ठरेना, डोळ्याला डोळा लागेना. त्यात वर पत्र्याचं छप्पर. दुपारी उशीसुद्धा तापायची. दुसरी खोली बघ, असं सांगणारे खूप होते. खोली देणारा एकही नव्हता.

झोप लागली नाही तर काही खरं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तिच्या थोरल्या भावाने फर्मान काढलं. रविवारी संध्याकाळी येतो आणि तिला घेऊन जातो. त्याचं घर शांत होतं, मोकळं होतं. तिथे गेलेली बायको या भट्टीत परत कशाला येईल? फुग्याच्या तोंडचं पाणी पळालं.

तो फोमच्या कारखान्यात कामाला होता. दोन रसायनं एकत्र ओतली की ती फसफसून फुगतात आणि त्यांचा ठोकळा होतो. त्यावरूनच त्याला हे नाव पडलं होतं. बायकोही लग्नाआधी तिथेच ठोकळे कापायची. नुसता फोम ऊन अडवतो, पण आवाज अडवायला त्याच्या पोटात काहीतरी जड हवं, हे दोघांनाही ठाऊक होतं. चपलांच्या कारखान्यामागे रबराच्या कातरणाचा ढीग पडलेला असायचा, कुणी फुकट नेलं तरी तिथल्या लोकांना आनंदच. फुग्याने पोती भरून आणली, कातरण दळून पावडर करून घेतली आणि मालकाला विचारून उरलंसुरलं रसायन घरी आणलं.

भिंतीला लावायचा पहिला ठोकळा फुगला आणि तडकला. दुसरा फुगून पार खाली बसला. "पावडर ओली आहे," बायको पलंगावरून, कानांवर उशी दाबून म्हणाली. "वाळवता का नीट?" मग त्याने अंगणात उन्हात चादर पसरून दिवसभर पावडर हलवली, तरी मन भरेना म्हणून कढईत घालून परतली. शेजारीण दारात येऊन विचारून गेली, आज जेवायला काय आहे म्हणून.

रविवारी सकाळी तिसरा ठोकळा वर आला. एकसारखा, काळपट, कुठे चीर नाही. फुग्याला रडू यायचं बाकी होतं.

आता ताजा ठोकळा उघड्यावर, एकटा ठेवायचा असतो. तो वरून कोमट लागतो, पण त्याच्या पोटात उष्णता कोंडलेली असते, आणि जी वस्तू बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही ती स्वतःची तरी लवकर कशी सोडणार? दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला कशाला टेकवायचं नाही, कापायचं तर नाहीच. हे फुग्याने झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं. पण मेहुणा संध्याकाळी येणार होता. फक्त भिंतीला माप लावून बघू, लगेच बाहेर नेऊ, असं म्हणत दुपार कलल्यावर त्याने ठोकळा ओढत आत आणला आणि भिंतीशी उभा केला.

बायको उठून आली. एक कान ठोकळ्याला लावला, दुसऱ्यावर उशी धरली. "कमी झालं हो," ती म्हणाली. मग हळूहळू खाली बसली, पाठ टेकली आणि तिथेच तिची मान कलली.

ती झोपली होती. फुग्या श्वास रोखून बघत राहिला. कपाळावरची आठी गेली होती, तोंड किंचित उघडं होतं. कितीतरी दिवसांनी त्याला आपली बायको दिसत होती.

थोड्या वेळाने त्याने ठोकळ्याला हात लावला. कोमट होता. पुन्हा लावला, तर गरम. ठोकळा हलवायचा म्हणजे तिला उठवायचं. अजून थोडं झोपू दे, तो मनाशी म्हणाला. मग करपल्याचा बारीक वास आला. कढईचा असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि कढई तर त्याने सकाळीच घासून ठेवली होती. तरीही तो तसाच बसून राहिला. 

ठोकळ्याच्या वरच्या कडेतून धुराची रेघ निघाली, तेव्हा त्याने तिला खांद्याला धरून खेचलं. ती किंचाळत जागी झाली. फुग्याने ठोकळा फरफटत अंगणात नेला. तिथे तो मधोमध फाटला, आतून लाल निखारा दिसला आणि पिवळट धूर अंगणभर झाला. तो बादल्यांवर बादल्या ओतत असताना मेहुणा फाटकात येऊन उभा राहिला.

मेहुणा भांडायच्या तयारीने आला होता. पण तो काही बोलायच्या आत फुग्याच म्हणाला, "दादा, घेऊन जा तिला."

"मला कुणी विचारलं का?" बायको दारातून म्हणाली. दोन्ही हात कानांवर होते. तिने ठोकळ्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "वास कधी आला तुम्हाला?"

खोटं बोलता आलं असतं. "बराच आधी," फुग्या म्हणाला. "तू झोपली होतीस."

ती आत गेली आणि पिशवी भरून बाहेर आली.

"मला इथेच राहायचं होतं," ती म्हणाली. "पण मी झोपावी म्हणून तुम्ही मला जळू दिलं असतंत. तुमच्यापाशी मी आता डोळे कसे मिटू?"

 मेहुण्याने पिशवी घेतली. फाटकाशी ती थांबली, अजून धुमसत असलेल्या ठोकळ्याच्या न जळलेल्या कडेवरून तिने बोट फिरवलं.

"या खेपेला पावडर चांगली वाळवली होती तुम्ही," ती म्हणाली, आणि भावामागून निघून गेली.