साहेबांच्या कुंपणावरचा वेल

तिसरी नोटीस आली तेव्हा आत्याबाई बटाट्याच्या शेतात वाकून तोच तो जांभळ्या फुलांचा वेल उपटत होत्या. "सदर वेल प्रतिबंधित असून चौदा दिवसांत समूळ काढावा, अन्यथा कारवाई होईल." खाली तणनियंत्रण अधिकाऱ्यांची लफ्फेदार सही.

"समूळ म्हणे!" आत्याबाई शिपायावर उखडल्या. "दोनदा काढला. मी काय हौसेनं लावते हा?"

"मी नुसता कागद आणतो हो," म्हणत शिपायानं सायकलला टांग मारली.

पण आत्याबाईंच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. वेल दर वेळी पाटाच्या कडेलाच आधी उगवायचा. म्हणजे बी पाण्यातून येत होतं. दुसऱ्या दिवशी गमबूट चढवून त्या पाटाच्या उलट्या दिशेनं चालू लागल्या. शेजाऱ्याच्या बांधावर वेल, त्याच्या वरच्या शेतात वेल, आणि शेवटी एका बंगल्याचं अख्खं कुंपण जांभळं! फाटकावरच्या पाटीवरचं नाव त्यांनी नोटिशीवरच्या नावाशी ताडून पाहिलं. तेच होतं. आत्याबाईंना हसू आवरेना.

तरी चेहरा साळसूद ठेवून त्यांनी बेल वाजवली. "बाई, काय सुंदर वेल आहे हो! कुठून आणलात?"

साहेबांच्या बायकोची कळी खुलली. "आमच्या ह्यांनीच आणला. कुठल्याशा शेतातून जप्त केला होता. एवढी छान फुलं, फेकून कशी द्यायची? तुम्हाला हवी का फांदी?"

"द्या की!"

नोटीस मागून-पुढून वाचलेली असल्यानं आत्याबाईंना नियम ठाऊक होता. त्यांनी फांदी दोन पिशव्यांत घट्ट बांधली आणि थेट ऑफिस गाठलं.

"हे घेऊन फिरणं गुन्हा आहे!" पिशवी बघून साहेब कडाडले.

"बंद पिशवीत नमुना आणला तर नाही. कलम सात," आत्याबाई गोड आवाजात म्हणाल्या. "आणि हा तुमच्याच कुंपणावरचा आहे. वहिनींनी प्रेमानं दिलाय. आता एक नोटीस त्यांच्या नावानं काढा."

साहेबांचा चेहरा उतरला. मागे शिपायाला अचानक खोकल्याची उबळ आली.

नोटीस निघाली. ती घरी पोचल्यावर काय झालं ते कुणालाच कळलं नाही, पण साहेब आठवडाभर ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवत होते. रविवारी त्यांनी कुंपण साफ केलं. मग आत्याबाईंनी आठवण करून दिली, बी पाटानं खाली गेलंय, समूळ म्हणजे समूळ. साहेब खुरपं घेऊन एकेक शेत करत आत्याबाईंच्या बटाट्यांपर्यंत आले. कंबर धरून उभे राहिले, तेव्हा संध्याकाळ झाली होती.

"झालं का हो आत्याबाई?"

घामानं थबथबलेला तो माणूस बघून आत्याबाईंना क्षणभर दया आली. चहा टाकावा असंही वाटलं.

"झालंच म्हणायचं," त्या म्हणाल्या. "फक्त त्या टोकाला, झुडपाच्या मागे, एकदा बघून या."

साहेब निमूटपणे निघाले. तिथे काहीही नव्हतं.